विद्यापीठाचा हिशेब कुणासमोर?

कडोलीचा विद्यार्थी बेळगावात मराठी घेऊन बी.ए. करतो, तेव्हा त्याची पदवी बहुधा राणी चन्नम्मा विद्यापीठाची असते. सीमेपलीकडे चंदगड तालुक्यातला त्याचा मावसभाऊ तोच विषय शिकतो; त्याची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. भाषा एक, विषय एक. पण दोन्ही विद्यापीठांना जाब विचारण्याची सोय सारखी नाही.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभा आहे. नोंदणीकृत पदवीधर तिच्यावर दहा प्रतिनिधी निवडून देतात. वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब तिच्यापुढे येतात. कर्नाटकाच्या २००० च्या कायद्यात अधिसभा उरली नाही. कारभार सिंडिकेट पाहते आणि तिच्यावर पदवीधरांनी निवडून दिलेला प्रतिनिधी नसतो. अर्थात, अधिसभा असली म्हणजे सारे आलबेल असते असे नव्हे. मुंबई विद्यापीठातील पदवीधरांची निवडणूक रखडत रखडत सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तरीही प्रश्न विचारायला हक्काची जागा असणे महत्त्वाचे.

ही जागा का हवी, ते आपल्याच भागात दिसते. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून वेगळे झाले. बेळगाव, विजापूर आणि बागलकोट हे जिल्हे त्याच्याकडे आले. २०२३ मध्ये बागलकोटला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. संलग्नता आणि परीक्षा शुल्क हा अशा विद्यापीठांचा मोठा आधार. महाविद्यालये गेली की तेवढे उत्पन्न जाते, आस्थापनेचा खर्च मात्र राहतो. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने नऊ नवी विद्यापीठे बंद करण्याची शिफारस केली; त्यांत बागलकोटही होते. विद्यापीठ काढताना आणि मोडताना विद्यार्थी-शिक्षकांना कोणी विचारले?

पैशाची ओढाताण झाली की कात्री आधी कमी विद्यार्थ्यांच्या विभागांना लागण्याची भीती असते. सीमाभागात मराठी विभाग अशांपैकीच. रिकामी जागा वर्षभर तशीच राहिली, तर पुढच्या वर्षी विद्यार्थी घटतात. मग तीच घट जागा न भरण्याचे कारण ठरते.

अधिसभा नसली तरी माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्याने विद्यापीठाने आपला अर्थसंकल्प स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो आणि अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते. मराठीची मंजूर पदे किती, भरलेली किती, अभ्यासमंडळाची बैठक कधी झाली, हे कुणालाही विचारता येते. कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरते. भाषा टिकवण्याच्या ठरावासोबत ही उत्तरेही तेथे वाचली जावीत. आकड्यांची जोड मिळाली की ठराव टाळणे कठीण जाते.