मेलेल्या बॅटरीचं करायचं काय, बॉस?

तुमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आत्ता काय काय पडलंय? थांबा, मीच सांगते. दोन जुने फोन (त्यातल्या एकाची स्क्रीन तडकलेली), तीन चार्जर, जोडीदार हरवलेला एक इअरबड, बाबांच्या डिजिटल कॅमेऱ्याची चपटी बॅटरी आणि ‘बघू नंतर’ म्हणून ठेवलेली एक पॉवर बँक. माझ्याकडेही अगदी हेच होतं. फरक एवढाच, की माझी पॉवर बँक फुगली होती. तव्यावरच्या फुलक्यासारखी टम्म!

एका पत्रकार परिषदेच्या गुडी बॅगमधून आलेली फुकटची वस्तू ती. वर्षभर इमानेइतबारे चालली, मग तासाभरात मान टाकायला लागली आणि एक दिवस बघते तर पोट सुटलेलं. मी काय केलं? सरळ सुक्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली. ओला-सुका वेगळा करते म्हणजे आपण एकदम जागरूक नागरिक, असा माझा आपला समज.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात मावशी. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतला कचरा न्यायला येतात त्या. हातात कडेनं जळालेलं कुरिअरचं पाकीट आणि त्यावर माझं नाव.

“ताई, काय टाकलं होतं वो यात? पोत्यातून जाळ निघाला माझ्या.”

झालं होतं असं. सुका कचरा निवडून मावशी पोत्यात भरतात आणि जास्त मावावा म्हणून वरून पायानं दाबतात. त्या दाबल्या आणि आतून ‘फुस्स’ असा आवाज आला. आधी धूर, मग भडका. मावशींनी पोतं लोटून दिलं आणि लांब पळाल्या. पाय वाचला, पोतं नाही वाचलं. त्यातला पुठ्ठा, बाटल्या, प्लास्टिक विकून त्यांना पैसे मिळणार होते. दोन दिवसांचा माल होता तो. मी पैसे काढून दिले. त्यांनी ते घेतले, मोजले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, “पैशाचं सोडा. माझ्या जागी सून असती म्हंजे? ती वाकून भरती.”

यावर काय बोलणार? मी काहीच बोलले नाही.

आत असतं तरी काय?

आपल्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, इअरबडमध्ये असते ती लिथियम-आयन बॅटरी. 1991 साली सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली आणि 2019 साली तिच्या तीन जनकांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे खानदान एकदम तालेवार! पण आतली रचना नाजूक. दोन थर आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ असा एक पडदा. शिवाय पेट घेईल असं द्रावण. बॅटरी जुनी झाली, तापली किंवा जास्त चार्ज झाली की हे द्रावण विघटित होऊन वायू होतो. बॅटरी फुगते ती त्यामुळे. अशी बॅटरी दाबली, वाकवली, टोचली की पडदा फाटतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात आणि उष्णता वाढतच जाते. ‘डेड’ म्हणून आपण जी फेकतो तिच्यात एवढं करण्याइतकी जान उरलेली असते. फोन चालू होत नाही, याचा अर्थ बॅटरी रिकामी आहे असा नाही.

तुम्हाला 2007 आठवतंय? नोकियाने मात्सुशिताने बनवलेल्या तब्बल 4 कोटी 60 लाख बीएल-5सी बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता. मी तेव्हा शाळेत होते. बाबा रोज संध्याकाळी फोनची बॅटरी काढून टेबलावर भोवऱ्यासारखी फिरवून बघायचे. गरगर फिरली तर फुगली, घासत थांबली तर ठीक! आता बॅटरी आतच चिकटवलेली असते, त्यामुळे ही टेस्टही गेली. आता फोनचं मागचं झाकण किंवा स्क्रीन वर उचलली गेली की समजायचं.

कुणी घेता का बॅटरी?

मावशी गेल्यावर मी ड्रॉवर रिकामा केला आणि उरलेला ऐवज घेऊन निघाले. पहिला स्टॉप भंगारवाला. “इन्व्हर्टरची आहे का? आणा, पैसे देतो. ही नको.” दुसरा स्टॉप, एका कंपनीचं सर्व्हिस सेंटर. एसी मस्त, टोकन नंबर 41, आणि उत्तर, “आमच्या ब्रँडची नाही ना मॅडम.” ब्रँडची होती ती दाखवली, तर “बिल आहे का?” मेलेल्या बॅटरीचं बिल कोण जपून ठेवतं हो?

भंगारवाल्याच्या उत्तरात मात्र सगळी गोम आहे. इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी कुणी उकिरड्यावर टाकताना पाहिलंय? नाही, कारण आतल्या शिशाला भाव आहे. 2001 च्या नियमांनीही या शिशाच्याच बॅटऱ्या दुकानदाराने परत घ्याव्यात असं म्हटलं होतं. आपल्या खिशातल्या छोट्या बॅटऱ्या त्यात नव्हत्याच. त्या आल्या 22 ऑगस्ट 2022 च्या नव्या नियमांत. त्यानुसार बॅटरी बाजारात आणणाऱ्या कंपनीने ती परत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची, जमिनीत पुरायची नाही, जाळायची नाही. आणि ग्राहकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, ती इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं, ते याचसाठी. मी ते चित्र वर्षानुवर्षं पाहिलंय आणि डिझाइन समजून सोडून दिलंय.

कागदावर झकास आहे हे. पण इअरबडच्या चिमुकल्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल, लिथियम असून असून किती असणार? हजारो एकत्र आल्या तर त्या भरडून, त्याची काळी भुकटी करून हे धातू परत काढता येतात. आणि ते काढायला हवेत, कारण जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. एकटी बॅटरी मात्र कुणालाच नको असते. मग ती हातोहात खाली सरकत जाते आणि शेवटी थांबते मावशींच्या पोत्यात.

शेवटी तोडगा निघाला तो गल्लीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. त्याच्या काउंटरखाली वाळूची बादली, त्यात काढलेल्या फुगीर बॅटऱ्या. “अशा जमल्या की ई-कचरावाल्याला देतो. तुम्ही पण वाळूतच ठेवा, डब्यात कोंबू नका.” पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था ‘व्ही-कलेक्ट’ उपक्रमात ई-कचरा गोळा करत आली आहे. तुमच्या शहरातही अधिकृत ई-कचरा केंद्र असेल. फक्त जाण्याआधी फोन करून ‘फुगलेली घेता का?’ हे विचारा, कारण सगळेच घेत नाहीत.

तोवर घरी काय? माझ्या बाल्कनीत सावलीला आता एक मातीची कुंडी आहे, भाच्याच्या दिवाळीच्या किल्ल्यातल्या उरलेल्या कोरड्या वाळूने भरलेली. फुगलेली बॅटरी त्यात. ती पुन्हा चार्ज करून बघायची नाही, टोचून हवा काढायची नाही (असं करणारे महाभाग आहेत!) आणि चिकटवलेली असेल तर चाकूने उचकटायची नाही, अख्खा फोन द्यायचा. धडधाकट बॅटऱ्यांच्या टोकांना सेलोटेप लावायची. रिमोटमधल्या रिचार्जेबल सेलनाही, कारण एका डब्यात किल्ल्या आणि सेल एकत्र खुळखुळले तर शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. आणि प्रत्येक वेगळ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत. बस, पाच मिनिटांचं काम.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुंडीचा फोटो टाकला, तर पहिल्याच आठवड्यात तेवीस नग जमा झाले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी 2007 मधली बीएल-5सी आणून दिली, रुमालात गुंडाळून.

मावशी आता आमची पिशवी घेतली की आधी ती हलवून, कान देऊन बघतात आणि मग पोत्यात टाकतात. मी दारात उभी असले तरीही.