रोखीचा व्यवहार

निवडणूक आली की आमच्या कन्हेरीचे नाव वर्तमानपत्रात येते. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षे येथल्या मारुतीपुढे फुटत आला आहे. एरवी गाव आपले शांत असते. बँकेतून निवृत्त झाल्यावर एखादी कादंबरी निवांतपणे लिहावी म्हणून मी येथे येऊन राहिलो. कादंबरी राहिली बाजूला, आणि गेले सहा महिने मी एक पिशवी शोधत हिंडलो. कुत्र्याला शिकवताना खाऊ ठेवायची पिशवी! वाचकांना हसू येईल. आमच्या सौभाग्यवतींनाही आले होते. पण या पिशवीमागे एक हिशेब आहे, आणि तो चुकला की काय होते हे मी पाहिले आहे.

आमचा पहिला कुत्रा मोत्या. स्वभावाने गरीब, पण हाकेला ओ देईल तर शपथ. दोन वर्षांपूर्वी उसाचा हंगाम ऐन भरात होता. त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. मोत्या मांजरामागे रस्त्याकडे धावला. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. त्याने क्षणभर मान वळवून माझ्याकडे पाहिले, आणि तो पुढे गेला.

दोष ड्रायव्हरचा नव्हता. मोत्याचाही नव्हता. ‘ये’ या शब्दाचा अर्थ मी त्याला कधी शिकवलाच नव्हता. उलट हाक मारूनही उशिरा आला, म्हणून एक-दोनदा त्याचा कान पिळला होता. मी शिक्षा उशिराची करत होतो. त्याच्या लेखी मात्र ती जवळ येण्याची होती. ते वळून पाहणे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे वाघ्या आला. गावातल्याच कुत्रीचे पिल्लू, तांबूस, एक कान पडलेला. त्याला लस टोचायला नेले तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना मी मोत्याची हकीगत सांगितली. ते म्हणाले, “साहेब, हाकेला आला की त्याच क्षणी त्याच्या तोंडात काहीतरी पडले पाहिजे. घरी गेल्यावर नव्हे.”

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला हे लगेच उमगले. कुत्रा उधारीवर काम करीत नाही! त्याचा सगळा व्यवहार रोखीचा. बक्षीस हातात येते त्या घडीला तो जे करीत असेल, त्याचेच ते बक्षीस, असे तो धरून चालतो. तो बसला, आपण खिसा चाचपू लागलो, तेवढ्यात तो उठून अंगावर उडाला आणि मग तुकडा मिळाला, तर आपण त्याला उडी मारायला शिकवली. एक-दोन सेकंदांचाच खेळ. पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण जगाने लक्षात ठेवली ती त्याच्या कुत्र्यांची लाळ. त्याच्याही आधी, १८९८ मध्ये, थॉर्नडाइक या अमेरिकन माणसाने मांजरांना पेटीत ठेवून दाखवले होते, की ज्या हालचालीचे फळ गोड, तीच हालचाल जनावर पुन्हा करते. थोडक्यात, फळ वेळेवर हवे. आणि ते वेळेवर द्यायचे तर हाताशी असायला हवे.

येथून माझी पिशवीयात्रा सुरू झाली.

प्रथम सदऱ्याचा खिसा. उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे तुकडे त्यात दोन दिवस वागवले. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाल्या, “अहो, हा सदरा तुम्हीच धुवा.” मग प्लॅस्टिकची पिशवी. तिच्या सळसळीने वाघ्या धावत येई. मी खूष! आठवड्याने ध्यानात आले, की तो माझ्या हाकेला येतच नाही, सळसळीला येतो. मग आईची जुनी चंची काढली. पान, सुपारी, कात, चुना यांना वेगळे कप्पे, काय देखणी वस्तू! पण तिची गुंडाळी सोडेपर्यंत कुत्रा शेजारच्या गोठ्यात. बटव्याची नाडी सोडायला दोन्ही हात लागतात, आणि एका हातात तर साखळी असते. पुण्याहून मुलाने तयार पिशवी धाडली, तर तिच्या चेनचे दात बोटांना ओरबाडत. जेजुरी आमच्याकडून फार लांब नाही. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, आणि त्यांच्या गळ्यात पूर्वी वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी असे. तशी गळ्यातही अडकवून पाहिली. पण खाऊ छातीवर दिसू लागताच आमचा वाघ्या माझ्याकडे बघेना, पिशवीकडेच बघत बसला.

उत्तर सापडले ते बारामतीच्या एस.टी. स्टँडवर. गाडीत उभ्याने गर्दी, आणि कंडक्टर नजर माणसांवर ठेवून चामड्याच्या पिशवीत हात घालून अचूक सुटे पैसे काढत होता. पिशवीचे तोंड रुंद, हात न बघता जातो, न बघता येतो. इतकी वर्षे मी त्या पिशवीतून सुटे पैसे घेत आलो, पण पिशवी कधी पाहिलीच नव्हती!

गावच्या शिंप्याला म्हटले, याचे धाकटे भावंड शिवून दे. आतून धुता येईल असे रेक्झिन, बाहेर जाड कापड, तोंडाला जुन्या बादलीच्या कडीची तार म्हणजे ते उघडे राहील, वरून नुसती झाप, बटण नाही, चेन नाही. पट्ट्यात ओवायला मागे दोन फासे. शेजारचे आबा तेथेच बसले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजी सायेब, आता कुत्र्याला पगार देनार व्हय?”

आबांचा प्रश्न वरवरचा नव्हता. पगार आणि लाच यांतला फरक याच पिशवीने मला शिकवला. आधी खाऊ दाखवून मग ‘ये’ म्हटले, तर ती लाच. आधी हाक, मग येणे, आणि त्यानंतर पिशवीकडे हात, हा पगार. म्हणून मी ती कमरेला पाठीमागच्या बाजूला बांधतो. काम पक्के झाले की प्रत्येक वेळी खाऊ द्यायचा नाही, कधी द्यायचा, कधी नुसते पाठीवर थोपटायचे.

पिशवीत काय घालावे? हरभऱ्याएवढे तुकडे पुरतात. उकडलेले चिकन, पनीर, गाजर, नाहीतर भाकरीचा कुटका. दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाहून हा खाऊ अधिक नसावा. आमच्या बारामती-इंदापूरकडे द्राक्षांचे मळे आहेत, आणि पाहुणे कौतुकाने मनुका पुढे करतात. पण द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही वर्ज्य. आणि पिशवी रोज धुवावी, नाहीतर मुंग्या आपल्याआधी शिक्षण घेतात.

यंदाच्या हंगामातली एक संध्याकाळ. फाटक उघडे राहिले होते. पलीकडे कुणाची तरी कोंबडी फडफडली आणि वाघ्या सुटला. लांबून ट्रॉलीवरच्या गाण्यांचा आवाज येत होता. माझ्या तोंडून हाक निघाली ती मोत्याला मारली होती तशीच. वाघ्याने मान वळवली.

आणि तो आला. धापा टाकत पायाशी येऊन बसला. माझा हात पाठीमागे गेला, तर पिशवी रिकामी! दुपारीच धुऊन वाळवून नुसती कमरेला अडकवली होती. मी खाली बसलो आणि त्याला दोन्ही हातांनी जवळ घेतले. ट्रॉली धूळ उडवत निघून गेली. माझे हात कापत होते. तो माझा चेहरा चाटत राहिला.

घरी गेल्यावर पनीरचे चार तुकडे त्याच्यापुढे ठेवले. ते कशाबद्दल, याचा त्याला काहीही पत्ता लागला नसणार. पण फेड केल्याशिवाय त्या रात्री मला झोप आली नसती.