महिन्याला इंधनावर किती खर्च होतो?

कामशेतच्या एका घरात माझी प्रश्नावली पहिल्याच पानावर अडली. "महिन्याला इंधनावर किती खर्च होतो?" असं विचारलं, तर काकूंनी उलट विचारलं, "कुठलं इंधन? गॅस का गाडीचं पेट्रोल?" मी म्हणालो, दोन्ही. "मग पेट्रोलचं ह्यांना विचारा. आणि लाकडाला कुठं पैसे पडतात?" मागच्या पडवीत पावसाळ्यासाठी लाकडं रचून ठेवलेली होती. माझ्याकडे उत्तरासाठी रकाना एकच.

सरकारी आकडेवारीत हे रकाने वेगळे असतात. केंद्राच्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात गॅस, वीज, रॉकेल, लाकूड ‘इंधन व प्रकाश’ गटात येतात. दुचाकीचं पेट्रोल मात्र प्रवासखर्चात, रेल्वे-बसच्या भाड्याशेजारी. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकातही तसंच. ‘इंधन व प्रकाश’चा भार ६.८४ टक्के, पण गाडीचं पेट्रोल त्यात नाही, ते ८.५९ टक्के भाराच्या ‘वाहतूक व दळणवळण’मध्ये. नुसता पहिला गट उचलून कुणी ‘मावळातील इंधन खर्च’ लिहिला, तर कामावर जाताना जाळलेलं पेट्रोल गळून पडतं. (माझ्या सिनॉप्सिसमध्ये नेमकं हेच झालं होतं. गाईडनी त्या वाक्याभोवती पेन्सिलीने गोल काढला, बोलले काहीच नाहीत.)

गळतं ते किती? एक गृहीत उदाहरण घेऊ. घरापासून कंपनी २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे १००० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते, पेट्रोल १०५ रुपये धरू. २० लिटर, २१०० रुपये. आता स्वयंपाकघर: ८५० रुपयांचा सिलिंडर ४० दिवस पुरला तर महिन्याला साधारण ६४० रुपये. आता ॲव्हरेज ५० ऐवजी ४० धरा. पेट्रोल २६२५ वर जातं. फरक ५२५ रुपये. म्हणजे ‘गाडी किती देते?’ या एका उत्तरातली चूक जवळजवळ महिन्याच्या गॅसएवढी. आणि हे उत्तर लोक शोरूममध्ये ऐकलेलं सांगतात! एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे सगळे जुन्या हायवेने जातात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात पर्यटकांची कोंडी झाली की गाडी फर्स्ट-सेकंडमध्येच चालते. म्हणून ॲव्हरेज विचारू नका. शेवटचं पेट्रोल कधी आणि किती रुपयांचं भरलं, त्याआधीचं कधी, हे विचारा.

सिलिंडरची गंमत वेगळी आहे. ‘गेल्या ३० दिवसांत किती?’ असं विचारलं, तर ४० दिवस सिलिंडर पुरवणाऱ्या चार घरांपैकी साधारण तीन घरं ‘एक’ सांगतील, चौथं ‘शून्य’. चौघांची सरासरी बरोबर येते, पण एकाही घराचा आकडा त्याचा खरा मासिक खर्च नसतो. तालुक्याची सरासरी हवी असेल तर चालेल. घराघरांतली तफावत मोजायची असेल तर हाच प्रश्न खोटी तफावत तयार करतो. लोकलच्या तिमाही पासचंही तसंच. काढला त्या महिन्यात सगळा खर्च दिसतो, पुढचे दोन महिने फुकट.

मग लोकल स्वस्त असूनही गाडी का? लोणावळा ते पुणे हा सुमारे ६४ किलोमीटरचा मार्ग, मध्ये मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. पण दुपारी लोकल नसल्याची तक्रार जुनी आहे, आणि स्टेशनपासून कंपनीचं गेट लांब. सेकंड शिफ्टवाल्याला पासचा दर सांगून उपयोग नाही, त्याला परतीची गाडी किती वाजता ते सांगा. ‘कशाने जाता?’च्या शेजारी मी आता ‘शिफ्ट कुठली?’ विचारतो.

राहिली लाकडं. फुकट गोळा केलेल्या लाकडाला सर्वेक्षणात स्थानिक भावाने किंमत लावतात, तेवढं बरं आहे. पण ती डोंगरातून आणायला गेलेले तास त्यात येत नाहीत. काकूंना दुसऱ्या खेपेला तेच विचारलं. त्यांनी आधी हसून घेतलं, मग बोटांवर मोजलं: मार्च ते मे, आठवड्याला दोन सकाळी. नवीन प्रश्नावलीत त्याचा रकाना केलाय. एकक रुपये नाही, तास.