झोपूनही न जाणारा थकवा

केमो किंवा रेडिएशन सुरू असलेल्या माणसाला ‘जरा आराम कर, बरं वाटेल’ असं आपण सहज सांगून जातो. पण हा थकवा नुसत्या आरामाने जात नाही. त्याची कारणं रक्तात, मेंदूत आणि स्नायूंमध्ये आहेत.

सबमिशनच्या आदल्या रात्री जागलात, सकाळी जर्नल टेकवलं, घरी येऊन ढाराढूर झोपलात. संध्याकाळी उठलात की फ्रेश! आपल्या ओळखीचा थकवा हा असा असतो. जास्त काम झालं म्हणून आला, झोप झाली म्हणून गेला. हिशेब साफ.

कॅन्सरच्या उपचारांदरम्यान येणारा थकवा हा हिशेब मानत नाही. आठ-दहा तास झोपूनही माणूस उठतो तो दमलेलाच. अंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. पेपरमधली छोटीशी बातमी वाचतानाही दुसऱ्या ओळीला लक्ष उडतं. डॉक्टर याला ‘कॅन्सर रिलेटेड फटीग’ म्हणतात. केलेल्या कामाच्या मानाने हा थकवा कितीतरी जास्त असतो, हीच त्याची मुख्य खूण. उपचार घेणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या त्रासांपैकी हा एक.

गळलेले केस सगळ्यांना दिसतात, उलट्या दिसतात. थकवा दिसत नाही. म्हणून मग घरात कुणी म्हणतं, ‘मनावर घेऊ नकोस, पॉझिटिव्ह राहा’. कुणी कुजबुजतं, ‘किती झोपायचं माणसाने!’ दोघांचाही समज एकच, की हा सगळा मनाचा खेळ आहे. शरीरात काय चाललंय ते एकदा समजून घेतलं, तर असं बोलायला जीभ रेटणार नाही.

आधी रक्ताकडे बघू

आपल्या हाडांमधली अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी तयार करते. एक लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हा कारखाना बंद ठेवून चालत नाही. केमोची बरीच औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. पण भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशी काही कॅन्सरच्या नसतात. केसांची मुळं, तोंडातलं आणि आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा या सगळ्यांना तडाखा बसतो. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि लाल पेशींचं उत्पादन मंदावतं. हिमोग्लोबिन उतरलं की शरीराला ऑक्सिजन कमी पोचतो आणि एक जिना चढतानाही धाप लागते.

आपल्याकडे हे दुखणं आणखी मागून सुरू होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे. म्हणजे उपचारांच्या दारात पोचतात तेव्हाच कित्येकींची शिल्लक कमी असते.

पण हिमोग्लोबिन व्यवस्थित असलेले पेशंटही गळून जातात. त्याचं काय?

मेंदूच सांगतो, ‘पडून राहा’

फ्लू झाला की काय होतं, आठवा. भूक मरते, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, पांघरूण घेऊन कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. हे काही विषाणूने केलेलं नसतं, आपल्याच मेंदूने केलेलं असतं. प्राण्यांचे डॉक्टर असलेले अमेरिकन संशोधक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये हाच मुद्दा मांडला होता. आजारी जनावर निपचित पडतं ती त्याची कमजोरी नाही. सगळी ताकद आजाराशी लढायला वापरता यावी, म्हणून शरीराने केलेली ती व्यवस्था आहे.

हा निरोप मेंदूपर्यंत नेतात सायटोकाइन्स. रोगप्रतिकारक पेशी एकमेकींशी बोलायला जी रसायनं वापरतात, ती ही. रक्तातून आणि व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून त्यांची खबर मेंदूला लागते. मग डोपामिनवर चालणारी, ‘चल, ऊठ, कर’ म्हणणारी यंत्रणा ढिली पडते.

याचा पुरावाही आहे. इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइन एके काळी मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरवर आणि हिपॅटायटिस-सी वर औषध म्हणून देत असत. ते सुरू केल्यावर काही दिवसांतच पेशंट प्रचंड थकायचे. हिपॅटायटिसच्या पेशंटना तर कॅन्सरही नव्हता. म्हणजे थकवा आणायला हे एक रसायन पुरेसं होतं.

कॅन्सरमध्ये ही धोक्याची घंटा अनेक जण एकदम वाजवतात. गाठ स्वतः, ऑपरेशनची जखम, केमो आणि रेडिएशनने दुखावलेल्या पेशी. फ्लूची घंटा आठवड्याभरात थांबते, ही महिनोन् महिने वाजत राहते.

घड्याळ बिघडतं, स्नायू आटतात

कॉर्टिसॉल हे हार्मोन सकाळी वर जातं आणि रात्रीपर्यंत उतरत येतं. आपल्याला सकाळी उठवण्यात त्याचा हात असतो. सतत थकलेल्या पेशंटमध्ये हा चढउतार सपाट झालेला आढळला आहे. त्यात औषधांमुळे रात्रीची झोप तुटते, दिवसा डुलकी लागते. शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली तेच उमगेनासं होतं.

स्नायूंचीही तीच गत. डॉक्सोरुबिसिनसारखी काही औषधं (लाल रंगाच्या केमोबद्दल ऐकलं असेल, ते हेच) पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना इजा करतात. त्यातून भूक नाही, जेवण नाही, हालचाल नाही. वापरला नाही की स्नायू झपाट्याने आटतो. आटलेल्या स्नायूला तेच काम जास्त जड जातं, म्हणून माणूस आणखी झोपून राहतो. हे दुष्टचक्र नुसत्या आरामाने तुटत नाही, उलट घट्ट होतं.

कधी येतो, कधी जातो?

केमोमध्ये थकवा सहसा डोसनंतरच्या काही दिवसांत कळसाला पोचतो आणि पुढच्या डोसपर्यंत जरा ओसरतो. रेडिएशनचं उलट. पहिल्या आठवड्यात विशेष काही वाटत नाही, मग तो साठत जातो आणि शेवटाकडे, कधी उपचार संपल्यावरही काही आठवडे छळतो. गंमत म्हणजे नेमकं तेव्हाच नातेवाईक विचारतात, ‘संपली ना ट्रीटमेंट? आता काय?’

काहींचा तर वर्षानुवर्षे जात नाही. अमेरिकन संशोधक ज्युलियन बॉवर यांनी ब्रेस्ट कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. तेव्हा साधारण एक तृतीयांश जणींना निदानानंतर काही वर्षांनीही हा थकवा होता. रिपोर्ट क्लीन, तरीही शरीर दमलेलं. या बायका ऑफिसला जातात, डबे करतात. त्या दमल्यात, हे कुणाच्या गावीही नसतं.

उपाय आहे, पण अनपेक्षित

२०१७ मध्ये ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात कॅरेन मस्टियन आणि सहकाऱ्यांनी ११३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात ११ हजारांहून जास्त पेशंट होते. थकवा कमी करण्यात सगळ्यात उपयोगी ठरला व्यायाम आणि मानसोपचार, म्हणजे समुपदेशनासारखी मदत. औषधं बरीच मागे पडली. व्यायाम म्हणजे जिम नव्हे. चालणं, हलका व्यायाम, जमेल तितका आणि हळूहळू वाढवत. दमलेल्या माणसाला चालायला सांगणं विचित्र वाटतं खरं. पण दाह, झोप आणि स्नायू या तिन्ही ठिकाणी चालण्याचा फायदा होतो.

अर्थात डॉक्टरांना विचारूनच. ताप, धाप, खूप उतरलेलं हिमोग्लोबिन किंवा हाडांत पसरलेला आजार असेल तर नियम बदलतात. शिवाय ॲनिमिया, थायरॉइड, वेदना, नैराश्य ही कारणं शोधली तर त्यांवर थेट इलाज होतो. पण त्यासाठी थकवा आहे हे डॉक्टरांना कळायला हवं. अनेक पेशंट ‘हे तर होणारच’ म्हणून ते सांगतच नाहीत.

घरात किंवा ग्रुपमध्ये कुणी उपचार घेत असेल तर…

• ‘थकवा ० ते १० मध्ये किती?’ असं रोज विचारा आणि लिहून ठेवा. डॉक्टरही असाच आकडा विचारतात. ४ किंवा त्याहून जास्त येत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटला नक्की सांगा.

• ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. सांगायलाही ताकद लागते. रिपोर्ट आणणं, भाजी आणणं, बिलाच्या रांगेत उभं राहणं यातलं एखादं काम परस्पर उचला.

• ‘चालायला जा’ असं सांगण्यापेक्षा ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणा. दहा मिनिटंही चालतील.

• दिवसाची डुलकी अर्ध्या-पाऊण तासाची ठेवायला मदत करा, म्हणजे रात्रीची झोप वाचेल.

• दिवसातली बरी वेळ कोणती ते ओळखा आणि ती त्यांच्या आवडीच्या गोष्टीसाठी राखून ठेवा. पाहुण्यांना संध्याकाळी बोलावता येतं.

• आणि आज जमलं नाही, तर नाही जमलं. उद्या पुन्हा आकडा विचारा.