नोकरी निवडताना पगारापलीकडे काय पाहावे?



पदवीचे निकाल लागले की आमच्याकडे येणाऱ्या युवक-युवतींचा एक प्रश्न ठरलेला असतो: जास्त पगाराची नोकरी धरावी, की मनासारखे काम करावे? ज्या घरात पहिल्यांदाच पगार येणार आहे, आई-वडिलांनी कर्ज काढून शिकवले आहे, त्या मुलीला "पैशाच्या मागे लागू नको" असे सांगणे हे ढोंग ठरेल. पैसा लागतोच.

पण हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. रोज 8 तास, वर्षाला 250 दिवस आणि 35 वर्षे नोकरी धरली, तर 70,000 तास होतात. पगारवाढीचा आनंद काही महिन्यांत अंगवळणी पडतो. नव्या कामाची झिंगही तशीच उतरते. त्यानंतर उरते ते रोजचे काम आणि सोबतची माणसे.

तथागतांनी सम्यक आजीविकेला अष्टांगिक मार्गात स्थान दिले. शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकासाठी वर्ज्य सांगितला. दीघजाणू या कोलिय गृहस्थाला त्यांनी संसारी माणसाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. नोकरी निवडताना त्यांचेच चार प्रश्न करता येतात.

उट्ठानसंपदा, म्हणजे उद्यम आणि कौशल्य: या कामात पाच वर्षांनी आपण अधिक जाणकार झालेले असू का?

आरक्खसंपदा, म्हणजे मिळवलेले सांभाळणे: कर्जाचा हप्ता जाऊन हाती काही शिल्लक राहील का?

कल्याणमित्तता, म्हणजे चांगल्यांची संगत: तिथली माणसे आपल्याला वर नेतील, की व्यसन आणि लबाडीकडे ओढतील?

समजीविता, म्हणजे मिळकतीच्या बेताने जगणे: आपला खर्च नोकरी ठरवणार, की आपली गरज?

मग पगारासाठी नोकरी करणे चूक आहे का? अजिबात नाही. 1918 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात महिना 450 रुपयांवर प्राध्यापक झाले. तेव्हा तो पगार मोठा होता. पण लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायचे होते, म्हणून त्यांनी काटकसरीने पैसे साठवले. शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांचीही मदत झाली. 1920 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. ती नोकरी हा त्यांच्यासाठी टप्पा होता, मुक्काम नव्हता.

समाजशास्त्रात एमए झाल्यावर आम्ही निम्म्या पगाराचे संस्थेचे काम धरले. काम आवडीचे होते, पण गाठीला काही नव्हते. घरात आजारपण आले तेव्हा उसनवारी करावी लागली. दुसरा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता. आधी दोन वर्षे बेगमी करून मग आलो असतो, तरी चळवळीचे काही बिघडले नसते.

म्हणून पगारासाठी नोकरी धरली, तर किती वर्षे आणि कशासाठी हे वहीत लिहून ठेवा. सेवेचे काम धरले, तर घरखर्चाचा आकडा आधी मांडा. होकार देण्यापूर्वी तेच काम पाच वर्षे करणाऱ्या दोघांना भेटा. त्यांचा पगार विचाराच, पण त्यांचा साधा दिवस कसा जातो हेही विचारा. तोच दिवस उद्या तुमचा असणार आहे.

नमो बुद्धाय!