राजवाडा, दवाखाना आणि पाडा

जव्हार संस्थानावर मुकणे या महादेव कोळी घराण्याची सत्ता होती. परंपरेनुसार जयबा मुकणे यांनी १३४३ च्या सुमारास राज्याचा पाया घातला. १९४८ मध्ये ते भारतात विलीन झाले. अखेरचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा आजही जव्हारमध्ये उभा आहे. शहरातल्या सरकारी रुग्णालयालाही राजघराण्यातलेच नाव आहे : पतंगशाह कुटीर रुग्णालय. राजवाडा आणि रुग्णालय गावात, वारली, कोकणा, ठाकर, कातकरी वस्ती मात्र दूरच्या पाड्यांवर, अशी इथली मांडणी राहिली.

राजाश्रयाचे वैद्यक सगळीकडे असेच राजधानीत वाढले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाला पुढे छत्रपती प्रमिलाराजेंचे नाव मिळाले. १८८५ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या प्रेरणेने लेडी डफरिन यांनी निधी उभारला, तो भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळाव्यात म्हणून. १९०३ मध्ये सुईणींच्या प्रशिक्षणासाठी राणीच्या स्मरणार्थ वेगळा निधी निघाला. बाळंतपण मात्र पाड्यावरच्या पारंपरिक सुईणीच्या हाती आणि दुखणे भगताच्या हाती राहिले.

हे अंतर किती महाग पडते, ते १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीने दाखवले. तिथे कुपोषणाने शंभरावर बालके दगावल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले. रुग्णालय तालुक्यात होते. पण पावसाळ्यात ओढे भरले, घरातली नागली-वरई संपली आणि मूल जुलाबाने खंगले की तिथवर पोचणेच कठीण. भुकेने दुबळ्या झालेल्या मुलाला साधा जुलाब किंवा गोवरही पुरतो. पुढे जव्हारला अपर जिल्हाधिकारी कार्यालय आले आणि १९९५ मध्ये नवसंजीवनी योजनेने आरोग्य, पोषण, रोजगार आणि रेशन एकत्र जोडले. पावसाळ्याआधी दुर्गम गावांत धान्य पोचवणे, भरारी पथके पाठवणे आणि गरोदर मातांना अनुदान देणे ही तिची प्रमुख कामे. २०१५ मध्ये अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एक पूर्ण जेवण मिळू लागले.

या साऱ्या योजना पाड्यापर्यंत नेते ती आरोग्य उपकेंद्राची एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, गावकऱ्यांची 'सिस्टर'. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, मैदानी भागात ५,००० मागे, असा निकष आहे. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि नोंदी तिच्याकडे. घरोघरी फिरायला आशा आणि अंगणवाडीताई सोबतीला. कुपोषण ओळखायचे त्यांचे साधन म्हणजे दंडघेर मोजायची रंगीत फीत. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर लाल पट्टा, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. लाल पट्ट्यातले मूल आजारी असेल, सुजले असेल किंवा जेवत नसेल, तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. बाकीच्यांवर गावातच उपचार होतात.

मात्र भातकापणीनंतर कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मूल यादीतून सुटते. ते परतते तेव्हा वजन घटलेले असते आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. म्हणून स्थलांतरित मुलांची नोंद भट्टीपर्यंत पोचवणे आणि गावातच रोजगार हमीचे काम देणे, हाही इथल्या आरोग्यसेवेचाच भाग ठरतो.