सुटकेसमधून आलेला फोन

वॉकीटॉकीची बातमी सगळ्यांनी वाचली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025मध्ये ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या, महिनाअखेरीस रेडिओ उपकरणांच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. फ्रिक्वेन्सी सांगा, मंजुरीचा कागद दाखवा, मगच विका. योग्यच झालं. पण घरातला कॉर्डलेस फोन हाही रेडिओच, आणि तो पुष्कळदा परदेशातून सुटकेसमध्ये येतो. तिथे या सूचना पोचत नाहीत.

लखनौला अलीगंजमध्ये मावशीकडे असा एक आहे, लेकीने न्यू जर्सीहून आणलेला. तो उलटा करून वाचलं: ‘डेक्ट 6.0’. डेक्ट म्हणजे डिजिटल कॉर्डलेसचं तंत्र. सहावी, सुधारित आवृत्ती वाटते ना? ते अमेरिकी बाजारातलं नुसतं नाव आहे. तिकडचे हे फोन 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतात. युरोपातले आणि आपल्याकडचे डेक्ट 1880 ते 1900वर. फरक थोडाच, पण नेमक्या 1920पासून आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचा पट्टा सुरू होतो. या पट्ट्यात मोबाइल बोलतो आणि टॉवर ऐकतो. दूरच्या मोबाइलचा आवाज टॉवरपर्यंत अगदी क्षीण होऊन पोचतो. त्यात शेजारच्या इमारतीतला कॉर्डलेसचा तळ, म्हणजे बेस, कुणी बोलत नसतानाही, रात्रंदिवस आपला संकेत सोडत असतो. मग गल्लीतल्यांचे कॉल तुटतात. ज्याच्या घरी फोन आहे त्याला मात्र आवाज स्वच्छ येतो, त्यामुळे त्याला शंकाही येत नाही. मावशीही म्हणाली, “अगं, इतका छान चालतो, कशाला काढायचा?”

विमानतळावर सोनं-दारूच्या पाट्या असतात. ‘अमेरिकेतला कॉर्डलेस आणू नका’ अशी एक पाटी लावायला काय हरकत आहे? लोक हे मुद्दाम करत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मावशीच्या फोनच्या अ‍ॅडॉप्टरवर बारीक अक्षरात होतं: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. आपल्या 230 व्होल्टसाठी मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर लावलेला, हात ठेवला तर चटका बसेल इतका तापलेला, आणि त्याच्यावर पडद्याची झालर. मी तो आधी काढला.

इथे नाका हिंडोल्यात नवा घ्यायचा तर दुकानदाराला टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग सेंटरच्या प्रमाणपत्राबद्दल विचारा. कॉर्डलेससाठी ते 1 ऑक्टोबर 2019पासून सक्तीचं आहे. सेल बदलताना रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचेच घाला. साधे सेल चार्ज होताना गळतात, फुटतातही. जुना, लांब अँटेनाचा अ‍ॅनालॉग फोन कुणी फुकट दिला तरी नको, त्यावरचं बोलणं साध्या स्कॅनरवर ऐकता येतं.

म्हाताऱ्या माणसांच्या घरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वीज जाण्याची. तांब्याच्या लाइनवरचा साधा फोन एक्स्चेंजमधून येणाऱ्या 48 व्होल्टवर चालतो, बत्ती गुल झाली तरी 112 लागतो. कॉर्डलेसचा तळ वीज गेली की त्याच क्षणी मुका. मावशीची लाइन अजून तांब्याची आहे. माळ्यावरचा जुना वायरवाला फोन खाली काढला, पुसला, तिच्या पलंगाशेजारी लावला. फायबर घेतलेल्यांनी भिंतीवरचा डबा इन्व्हर्टरला जोडून घ्यावा, नाहीतर वायरवाला फोनही बंदच पडेल.

अमेरिकी फोन खोक्यात भरला आहे. लेक दिवाळीत येईल तेव्हा तो तिच्याबरोबर परत जाईल.